उसनी दिलेली नऊ बोटं

सोमवार, ३ तारीख

बाटल्या धुणाऱ्या बायांनो, ही वही तुमच्यासाठी आहे. आजच तुमच्यात आले आणि आजच तुमचं गाऱ्हाणं कळलं. हातमोजे! ऑफिसातल्या काचेच्या कपाटात नवेकोरे मोजे टांगलेत, तपासणीला कोणी आलं की दाखवायला. आणि इथं हौदात तुमचे हात उघडे. एक ना एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी उभी राहून ही वही तुम्हाला वाचून दाखवणार आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून लिहिते.

पण आज भांडण नको. आज मी खुशीत आहे. सतरा वर्षं मी वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, उरलेल्या वेळात सगळी वाचून काढली, आणि वाचलेलं पोटात राहीना म्हणून चौकाचौकात भाषणं केली. वाचनालय काही माझ्या भाषणांनी वाचलं नाही. नंतरचे सात महिने आईला आणि मला कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. आज हाताला काम आहे, एवढं पुरे.

काम सोपं आहे. जुन्या बाटल्या पोत्यांतून येतात. गरम पाण्याचे चार हौद, पाण्यात कॉस्टिक सोडा. बाटली बुडवायची, लेबल सुटेपर्यंत चोळायची, आतून ब्रश फिरवायचा, उजेडाकडे धरून बघायची. कोणाची बाटली होती याची खूण उरता कामा नये, असं मुकादम म्हणाला. चिकटलेला डिंक मात्र ब्रशनं निघत नाही, बोटाच्या टोकानंच काढावा लागतो. पाणी इतकं बुळबुळीत की हाताला साबण लागलाय असं वाटतं. माझ्या हौदावर जी बाई आहे तिला सगळ्या थोरली म्हणतात. ती म्हणाली, साबण कुठला, ती आपलीच कातडी सुटतेय. माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, ही पानं उलटणारी बोटं आहेत, आठ दिवसांत लोण्यासारखी विरघळतील, पण मास्तरीणबाई, तुम्ही घाबरू नका, कंपनी नवीन देते. सगळ्या हसल्या. वाफेनं सगळ्यांचे घसे बसलेत. हसणं कोणाचं ते कळत नाही.

फाटकावर लोखंडी फिरतं दार आहे. यंत्रावर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की दार एका माणसापुरतं फिरतं. माझा उजवा अंगठा नोंदवला. सही करते म्हटलं तर नोंदवाला मान वर न करता म्हणाला, सही काय करायचीय, लग्न लावायचंय का?

घरी आले. आईची नजर गेली त्याला चार वर्षं झाली. मी सात वर्षांची असताना विळीवर डावी तर्जनी कापली होती, तिनंच चिंधी बांधली होती. दारात मी ते बोट तिच्या हातात देते, ती व्रण चाचपते आणि म्हणते, आलीस. मी एकदा विचारलं होतं, आवाजावरून ओळखत नाहीस का? तर म्हणाली, आवाज कोणीही काढील गं, बोट कुठून आणील?

शुक्रवार, ७ तारीख

घसा बसला. चौकात भोंग्याशिवाय तीनशे माणसांपर्यंत पोचणारा माझा आवाज आता हौदाच्या पलीकडे जात नाही. हरकत नाही, वही आहे.

पत्र्याच्या आडोशामागे पाचवा हौद आहे. तिथं आठ बायका आहेत. आम्ही येतो तेव्हा त्या आलेल्या असतात, आम्ही जातो तेव्हा त्या जात नाहीत. मुकादमाला विचारलं, त्या कोण? तो म्हणाला, यंत्राच्या नोंदीत पाचव्या हौदावर कोणीच नाही. मी म्हटलं, मग ब्रशचा आवाज कोणाचा येतो? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी अशुभ बोलले.

त्यांना मी नीट न्याहाळलं होतं. आता आठवू जाते तर एकीचाही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही.

मंगळवार, ११ तारीख

संध्याकाळी थोरलीचा अंगठा यंत्रानं घेतला नाही. लाल दिवा. तिनं पदराला पुसला, केसांवर घासला, पुन्हा टेकवला. लाल. सकाळी लागला होता का, तेही तिला आठवेना. गर्दीत कोणाच्या तरी मागोमाग आत आली असेल. मुकादमानं पडद्यावर बघून सांगितलं की यंत्राच्या मते तुम्ही आज आत आलेल्याच नाही, आणि जी आत आली नाही तिला बाहेर कशी सोडू? बायांनो, तो थट्टा करत नव्हता. थट्टा थोरलीनं केली. म्हणाली, मग चारशे बाटल्या कोणी घासल्या, तुझ्या सासूनं? आम्ही पोट धरधरून हसलो. हसता हसता आमचे अंगठे टेकवून एकेक बाहेर पडलो.

बाहेरून मागे पाहिलं. ती पाचव्या हौदाकडे चालली होती.

शुक्रवार, १४ तारीख

जेवणाच्या सुट्टीत आडोशामागे गेले. थोरलीचा हात हातात घेतला. दहाही बोटं काचेसारखी गुळगुळीत. रेघ नाही, चक्र नाही.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. परवा ती रिकाम्या पोत्यांच्या ट्रकमध्ये बसून बाहेर पडली. पहारेकऱ्यानं अडवलं नाही; त्याची नजर तिच्यातून आरपार गेली. घरी पोचली. दार मुलानं उघडलं, कडेवर घेऊन वाढवलेल्या मुलानं, आणि विचारलं, कोण पाहिजे बाई? तिला वाटलं रुसलाय. मग सुनेनं पाणी दिलं, परक्या बाईला देतात तसं, तांब्या दुरून पुढे करून. ती पाणी प्यायली आणि परत आली. इथं निदान माझा ब्रश ठरलेला आहे, म्हणाली.

आठही जणींचं तेच. रेघा गेल्या, यंत्रानं ओळख सोडली, मग माणसांनी.

मी भाषण ठोकलं. लोखंडाच्या डबड्याला काय अधिकार तुम्हाला पुसून टाकायचा, म्हटलं. घशातून नुसती खरखर आली. पण त्या उठून बसल्या.

शनिवार, १५ तारीख

बायांनो, आज आपण जिंकलो!

विचार साधा होता. माझ्या हातांना दहा बोटं, कंपनीला त्यातलं एक लागतं. उरलेली नऊ काय पुजायची? पाचव्या हौदावर थोरली धरून बायका नऊच. नोंदवाला कधी मान वर करत नाही हे मी पहिल्या दिवशीच हेरलं होतं. अंगठा झिजला, दुसरं बोट नोंदवा, असं सांगून नऊ जणी त्याच्यापाशी रांगेत, पुढे मी. तो नंबर विचारी, मागून एकजण नंबर सांगे, मी बोट टेकवी. करंगळीपासून सुरुवात केली. थोरलीच्या नंबरावर डावी तर्जनी दिली, व्रणाची, माझी सगळ्यात लाडकी. एकदाच तो पुटपुटला की आज सगळ्यांचे हात सारखेच दिसतात. थोरली म्हणाली, गरिबाचे हात सारखेच असतात, साहेब.

संध्याकाळी फाटकावर मी उभी राहिले. एक बोट, हिरवा दिवा, एक बाई बाहेर. नऊ वेळा. दहाव्यांदा माझा अंगठा, आणि मी.

उपकार हा शब्द मला आवडत नाही. ही उसनवारी आहे. आज माझी बोटं, उद्या तुमची. अशानंच जग उभं राहील.

सोमवार, १७ तारीख

थोरली नाचत आली. मुलानं ओळखलं! परवा दारात तिला बघून म्हणाला, आई, होतीस कुठे? नऊच्या नऊ घरांनी ओळखलं. पाचवा हौद रिकामा. एवढा आनंद मी कुठल्या सभेत पाहिला नव्हता.

बुधवार, १९ तारीख

आता माझी गरजही नाही. त्यांची स्वतःची बोटं यंत्र घेतंय. प्रत्येकीच्या एका बोटावर रेघा परत आल्यात. थोरली म्हणाली, मास्तरीण, तुझा हात लागला आणि वठलेल्या झाडाला पालवी फुटली.

माझी बोटं बुळबुळीत झालीत. कॉस्टिकचा गुण. पेन घट्ट धरावं लागतं.

शुक्रवार, २१ तारीख

थोरलीच्या डाव्या तर्जनीवर व्रण आहे. आडवा, मधे किंचित वाकडा. मी विचारलं, हा कधीचा? ती बोट निरखत राहिली. मग म्हणाली, लहानपणी विळीवर कापलं असेल.

असेल?

घरी येऊन दिव्यापाशी हात धरला. माझ्या तर्जनीवर काही नाही. आईनं दारात बोट चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग शेजारचं बोट चाचपलं. मी म्हटलं, आई, मीच. खरखर. माझा अंगठा तिच्या हातात आला तेव्हा कुठे म्हणाली, हं. आलीस. पण तिनं हात लवकर सोडला.

सोमवार, २४ तारीख

नऊ बोटं कोरी. कॉस्टिकनं इतक्या लवकर होत नाही. मी हिशेबात चुकले. रेघा फुटल्या नव्हत्या — गेल्या होत्या, इथून तिथे. उसनवारीत एकीचं गेल्याशिवाय दुसरीचं येत नाही.

अंगठा उरलाय. अंगठ्याला चिंधी बांधून काम केलं. मुकादमानं सोडायला लावली, लेबलं नीट निघत नाहीत म्हणून. कपाटातले मोजे मागितले. तो म्हणाला, ते दाखवायचे आहेत.

बुधवार, २६ तारीख

लाल.

पुसला. केसांवर घासला. लाल.

मुकादम म्हणाला, आत आलेल्याच नाही — तेच वाक्य, तोच सूर —

दाराच्या पलीकडे थोरली होती. मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं, आणि वाट चुकलेल्या बाईला विचारतात तसं विचारलं, कोण पाहिजे?

तिचं बोट मागू शकले असते. यंत्रावर टेकव म्हटलं असतं तर तिनं टेकवलं असतं, तशी भली आहे. पण मग तिचा मुलगा — नाही. मागणार नाही.

गुरुवार, २७ तारीख

पोत्यांच्या ट्रकमधून घरी गेले. भर दुपार होती. पहारेकऱ्यानं पाहिलं नाही.

आईनं हात घेतला. एकेक बोट. दहाही. मग माझा हात हळूच माझ्याकडे परत केला, वस्तू परत करतात तसा. शेजारणीला हाक मारून म्हणाली, ही बाई रोज येते, माझी मुलगी म्हणवते, माझ्या लेकीला हिनं काही केलं तर नाही ना, जरा बघ गं —

दार लागलं. आतून कडी. मग आईचं रडणं, माझ्यासाठी. माझ्या तोंडावर दार लावून माझ्यासाठी रडत होती.

परत आले. पाचव्या हौदावर ब्रश ठरलेला आहे.

शुक्रवार, २८ तारीख

बायांनो — नऊ जणींनो — वही थोरलीच्या डब्याच्या पिशवीत टाकतेय. पेन सटकतं —

तुम्ही मला ओळखत नाही. आज चौघींना विचारलं. थोरलीनं पाणी दिलं, दुरून. राग नाही. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचा, पहिल्या पानापासून. पटलं नाही तर आपापलं बोट बघा.

एकच करा. आज सुटलात की घरी जायच्या आधी माझ्या आईकडे जा. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचं दार, निळं. एकटी जाऊ नका, एकीला ती दार उघडणार नाही. नऊ जणी जा. बोलू नका, आपल्या सगळ्यांचा आवाज एकच. हात पुढे करा. आधी थोरली, व्रण तिच्याकडे आहे. मग बाकीच्या. सुटं बोट कोणाचंच नसतं — नऊ जणी मिळून माझे हात होता —

ती चाचपेल. सावकाश. घाई करू नका. नऊ झाली की उजवा अंगठा शोधेल. शोधेलच. तेव्हाच बोला. तिला सांगा, अंगठा पाचव्या हौदावर —