पन्नास गेजच्या पट्ट्या

१२ जानेवारी, दुपारी ३.४०
वेळ मुद्दाम लिहितोय. याच मिनिटाला माझं आयुष्य बदललं. स्टेफनीचा मेसेज आला, "तुझ्याकडे प्रिंटर आहे ना?" कॉलेज सोडल्यापासून आठ महिन्यांतला पहिलाच. वर्गात साठ पोरं, त्यात एकाकडेही प्रिंटर नसेल? तरी तिला माझाच आठवला. याला योगायोग म्हणणारे सगळे अजून त्याच कॉलेजात सडतायत.

काम असं. तिचा भाऊ ट्रॉय, ९ फेब्रुवारीला लग्न, चौक गावात. डॉमनिक अंकल, म्हणजे तिचे वडील, बोटीवर नोकरीला होते. तिकडून साठ सिगार आणून ठेवलेत, पाहुण्यांना वाटायला. सिगारभोवती कंपनीच्या नावाची कागदी पट्टी असते. ती काढून ट्रॉय आणि नवरी व्हेरा यांच्या नावाची लावायची.

ट्रॉयची लायकी बिडीची आहे. पण असो.

१३ जानेवारी
संकल्प : रोज सहाला उठून डिझाइन. (आज साडेदहा. उद्यापासून.)
पट्टीच्या मधोमध गोलात एक चेहरा असतो. राजाबिजाचा. मी स्टेफनीचा काढणार, एका बाजूने, तिच्या डीपीवरून. कुणाला सांगणार नाही. लग्नात ती विचारेल, हे कोण? मी म्हणेन, तू. मग पुढचं सगळं तिथेच सांगून टाकायचं.

१७ जानेवारी
स्टेफनीची व्हॉइस नोट : "अरे, एकदा घरी येऊन सिगार मोजून जा ना. पप्पा म्हणतात पन्नास गेजचा आहे."
मोजायला टेलर जातो. डिझायनर नाही. पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटर जाडी, दुसरं काय असणार? आईचं लाटणं मोजलं, बरोबर पन्नास. ट्रायलची पट्टी त्यावर झकास बसली.
बाबा म्हणाले, "रोहित, एवढा सिगार ओढायचा की खांद्यावर घ्यायचा?" बाबांनी आयुष्यात बडीशेपेच्या पुढे काही केलेलं नाही. मी ताट ढकललं.

२४ जानेवारी
प्रिंटरमधून सोनेरी रंग शेवाळी येतो. प्रिंटरला एक फटका मारला. आता तोही येत नाही, फक्त काळा.
पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या स्टेशनरीवाल्याकडे सोनेरी कागद मागितला. म्हणतो, "प्रोजेक्ट कौन से क्लास का है?" त्याच्याशी भांडण. कागद न घेताच निघालो. अर्ध्या तासाने आईला पाठवून मागवला.

१ फेब्रुवारी
दोनशे पट्ट्या छापून, कापून तयार. लागणार साठच, पण हात बसला की थांबवत नाही. चेहऱ्यात ओठांच्या वर शाई जरा जास्त बसली आहे. याला शेडिंग म्हणतात. आई म्हणाली, "कोण रे हे काका?" या घरात कलेला जागा नाही.

८ फेब्रुवारी
पट्ट्या द्यायला चौकला गेलो. डॉमनिक अंकलनी डबा उघडला. सिगार अंगठ्याएवढे! एका पट्टीत चार आरामात मावले.
अंकल म्हणाले, "बाला, गेज म्हंजे मिलिमीटर न्हाय, इंचाचा चौसष्टावा भाग. ही पट्टी सिगारची न्हाय, म्हशीच्या शिंगाची हाय." मी शांतपणे सांगितलं की बोटीवर तुम्हाला बारीक माल देऊन फसवलंय. तेवढ्यात त्यांनी चष्मा लावला, पट्टी डोळ्यांजवळ धरली. डोळे पुसले.
"स्टेफी, ये बघ. आपला आजा हाय!"
ती धावत आली. "ओ गॉड! सेम नाक, सेम मिशी! तुला आजोबांचा फोटो कुठे मिळाला?"
मी पट्ट्या मोजायला लागलो. खरं सांगायची ही योग्य वेळ नव्हती.
अंकलनी ठरवलं, पट्ट्या उद्या पाहुण्यांच्या मनगटावर. ज्याच्या हातावर आजा, त्यालाच बारमध्ये एंट्री. चिकटवायला दारात मी.
म्हणजे उद्या तिचा हात माझ्या हातात. प्लॅन उलट सुधारलाय.

९ फेब्रुवारी
संध्याकाळी सहापासून हॉलच्या दारात, बाबांचा कोट घालून, गोंदाची कांडी घेऊन उभा. दीडशे केसाळ मनगटं. एकालाही 'प्लीज' म्हणता येत नाही.

सव्वासातला स्टेफनी आली. निळा गाऊन. हात पुढे केला. "आजोबांना नीट चिकटव हां."
मी बोललो. एका दमात. म्हटलं, हे आजोबा नाहीत, ही तू आहेस. पहिल्या दिवसापासून तूच.
ती हसली. "चल, काहीही! मला मिशी आहे?"
तिच्या मागून एक जण वाकला. काशीमिऱ्याला गॅरेज आहे म्हणे, रोशन नाव. तिच्या चेहऱ्याकडे निरखून म्हणाला, "थोडी आहे."
तिने त्याला पर्सने मारलं. आणि मग त्याचाच हात धरून माझ्यापुढे केला. "यालाही लाव. घरचाच आहे. पुढच्या वर्षी आमचं."
नखांत ग्रीस. लावली. वाकडी लागली. तो म्हणाला, "थँक यू, भाऊ."
दोघं आत गेले. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "ए पट्टीवाले, चल ना."
कांडी त्याच्या हातात दिली. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.