सुट्टीवर होता, तं जळला कुठं?

३ फेब्रु., मंगळ.
मले कोणी विचारलं नाही अन् माहं नाव लिहून दिलं. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायायची ही रीत. भांडण असलं की आजीबाई पुढं, पेढे वाटायचे असले की आजीबाई मागं. आता जयभीम म्हणून उभं राहायचं. वही नातीची, रियाची जुनी. मागची पानं कोरी आहेत, वाया कायले घालवायची.

माहा पोरगा अरुण कामाले आहे त्या फॅक्टरीत तिसरी भट्टी बसवायची आहे. म्हणून १९ तारखेले शाळेच्या मैदानात जनसुनवाई. सरकारी साहेब येणार, माईकवर कोणीही बोलू शकते. दिवाळीनंतर दुसरी भट्टी फुटली, तवा शेजारच्या कमलाचा नवरा जळून मेला. कागदावर म्हणे तो त्या दिवशी सुट्टीवर होता. कमला तवापासून ‘हव’च्या, म्हणजे ‘हो’च्या पुढं बोलत नाही. म्हणून मी. चौथी पास. काहून, तं तुमचं तोंड चालते.

चालते भाजीवाल्यासंग. साहेबासंग चालते का, कोणाले ठाऊक.

५ फेब्रु.
नात म्हणे, "आजी, भाषण सीखना है तो फिल्म देखो." मी मराठीत विचारते, ही हिंदीत उत्तर देते. शंकर नगरात ट्यूशनले जाऊन राहिली तवापासून जास्तच.

फोनवर वकिलाचं भाषण दाखवलं. काळा कोट, टेबलावर मूठ, जज गप्प. मीबी मूठ आपटली. झाकणी उडाली, वरणात पडली.

मंग एका आईचं. पंचायतीत पदर पसरून बोलते, सारं गाव रडते. "आजी, रोना आना चाहिए." म्हणलं, माह्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पाणी नाही. तुहा आजा मेला तवाबी निघालं नाही.

अरुण बाजूले जेवत होता. फॅक्टरीच्या गेटवर हाजिरी बाबू आहे. ताट अर्धं टाकून उठला. काहून रे? तं म्हणे भूक नाही. कामावरून आलेल्या माणसाले भूक नाही?

८ फेब्रु., रवि.
विहारात बायायसमोर बोलून पाह्यलं. सिनेमात माणूस मधातच थांबते, मागून बाजा वाजते, लोक श्वास धरून बसतात. मीबी थांबली. बायायले वाटलं झालं. टाळ्या वाजवल्या अन् चहा वाटला. मुद्द्याची गोष्ट माह्या पोटातच राह्यली.

लिहून ठेवते. थांबली की माईक गेला.

चार बायायनं नावं दिली होती माह्याबरोबर. आज दोघी म्हणतात, आमचं काढा. एकीचा जावई तिथंच कामाले. दुसरीनं कारण सांगतलं नाही, चहा घेतला अन् गेली.

१० फेब्रु.
त्याच वकिलाच्या सिनेमात पुढं एक बदमाश आहे. खुर्चीत बसून संत्रं सोलते. आवाज इतका हळू की फोन कानाले लावा लागला. एकच गोष्ट विचारते अन् मंग संत्र्याच्या शिरा काढत बसते. खोलीतलं कोणी हालत नाही.

तीनदा पाह्यलं. रिया म्हणे, "आजी, वो तो विलेन है!" असू दे. गुण घेतानी जात विचारत नाहीत.

मले समजलं ते असं. वकील नुस्ता थांबते. हा सवाल समोर ठेवून थांबते. मंग ती चुप्पी याची नसते, ज्याले विचारलं त्याची असते. घाम त्याले येते.

म्हणजे माहं भाषण एकाच वाक्याचं. सुट्टीवर होता, तं जळला कुठं?

१२ फेब्रु., गुरू.
सकाळी अकराले एक माणूस आला. सफेद शर्ट, फॅक्टरीच्या ऑफिसातला. चपला बाहेर काढल्या. पाणी मागतलं, बसून प्यायला. "अम्मा, सुना है आप बोलने वाली हैं. अच्छा है. बोलना चाहिए." आवाज हळू. असाच आवाज मी परवा फोन कानाले लावून ऐकला.

मंग म्हणे, "हाजिरी तो अरुण भैया ही लिखते हैं ना?"

अन् चुप बसला.

मी म्हणलं, हो. दुसरं काय म्हणणार. जातानी दाराशी अरुणच्या चपला वाकड्यातिकड्या होत्या, त्या त्यानं वाकून जोडीनं सरळ ठेवल्या. माह्याकडं पाहून हसला.

१३ फेब्रु.
दुपारी अरुण ड्युटीवरून आला. मी मटर सोलत होती. हळूच विचारलं, त्या दिवशी कमलाच्या नवऱ्याची हाजिरी कोणी लिहिली? अन् सोलत राह्यली. या घरात मी हळू बोलली असं कधी झालं नाही. पोट्टा तिथंच भेला.

शेंगा अर्ध्या झाल्यावर बोलला. "आई, त्या दिवशी हाजर लिहिला होता. गेटमधून आत जातानी हसलाबी माह्याकडं पाहून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसवलं अन् सारं रजिस्टर नवीन लिहायले लावलं. जुनं मंग दिसलं नाही."

म्हणजे कागद नाही. आहे ते याच्या तोंडात आहे.

म्हणे, "तू विचारू नको. विचारलं तं ते माह्याकडंच बोट दाखवतीन. अक्षर माहं आहे."

म्हणलं, अक्षर तुहं आहेच. मी खोटं सांगतलं का?

रिया दारात उभी होती. "पापा को जेल होगी क्या?" मटर मोजके निघाले, अळ्या फार.

१५ फेब्रु.
कमला मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा देऊन गेली. दारच्या झाडाच्या, पहिल्याच. म्हणलं बस. "हव." बसली. म्हणलं, बोलीन मी तिथं. "हव." तिले ठाऊक नाही कोणाच्या हातानं तिचा नवरा सुट्टीवर गेला.

शेंगा घेतल्या. शिजवल्या नाहीत.

१९ फेब्रु., गुरू.
कमला माह्यासंग आली. मोठा मंडप. पुढच्या खुर्च्यायवर बसनं आणलेली माणसं, सगळ्यायच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या. एकेक उठे, "समर्थन करता हूँ" म्हणे अन् नाश्त्याकडं जाये. अरुणलेबी तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. गळ्यात कार्ड, मान खाली.

माह्याआधीची बाई आलीच नाही. मंग माहं नाव. नाव सांगतलं, पारा सांगतला. वकील नाही आठवला, ती पदरवाली आईबी नाही. हळूच विचारलं, हिंदीत, साहेबाले समजावं म्हणून. "कमला का आदमी उस दिन छुट्टी पे था, तो जला कहाँ?"

अन् चुप.

माईकवाल्यानं हात लांब केला. मी माईक सोडला नाही. टोप्या चुळबुळ करायच्या थांबल्या. मैदानाबाहेरच्या ट्रकचा आवाज येत होता तेवढाच. साहेबानं फॅक्टरीवाल्यायकडं पाह्यलं.

सफेद शर्ट उठला. तितकाच हळू. "सर, रजिस्टर में जो है वही सच है. लिखने वाला यहीं बैठा है. पूछ लीजिए."

सारा मंडप वळला. अरुण उठला. पूर्ण नाही, अर्धा. खुर्चीची पाठ धरून. तोंड उघडलं त्यानं, मी पाह्यलं. मंग कमलाकडं नजर गेली अन् बसला.

साहेब अरुणले म्हणे, "सोमवार को आपके घर आकर बयान लेंगे." पुढचं नाव पुकारलं.

कमलानं अरुणकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. घरी येतानी ती सोबत नव्हती.

२० फेब्रु., शुक्र.
अरुणची ड्युटी बदलली. पंधरा वर्षं गेटवर होता. रविवारपासून दुसऱ्या भट्टीवर, फुटली होती त्याच. नवे बूटबी दिले. रविवार पहिले येते, सोमवार मंग.

म्हणलं, रविवारी जाऊ नको. म्हणे, "नाही गेलो तं नौकरी गेली. अन् नौकरी गेली तं म्हणतीन, काढलेला माणूस आहे, खोटं बोलते." एवढी अक्कल तवा रजिस्टरवर कुठं होती, असं तोंडावर आलं. गिळलं.

म्हणलं, आजच जाऊन साहेबाले सांग. तं बुटाकडं पाहत बसला.

रिया म्हणे, "आजी, आप ही बोल देना सोमवार को. आपको तो अब आता है." बयताड पोट्टी. मले विचारता येते. गेटवर मी उभी नव्हती.

बूट दाराशी जोडीनं सरळ ठेवले होते. मी लाथेनं वाकडे केले.

ही वही मी अरुणच्या ताटापाशी उघडी ठेवून राहिली. वाच रे. साहेब आज येवो, सोमवारी येवो, दार मी उघडीन. खुर्ची रिया देईल. कमलाले मी बोलावून बसवीन, तुह्यासमोर. साहेबानं विचारलं की मी तोंड उघडणार नाही, रिया नाही, ऑफिसातला कोणी घरात पाय ठेवणार नाही. उत्तर तू द्यायचं. उभं राहून. पूर्ण.