अमेरिकन नटाचा वऱ्हाडी आवाज

बाबा,

गेल्या रविवारी तुमच्या त्या अमेरिकन नटाला मी पुन्हा पाहिलं. सीताबर्डीवर एके ठिकाणी जुनी मुकी चित्रं दाखवणार होते, तिथे धाकट्या लेकीने आग्रहाने नेलं. तोच लांब मानेचा माणूस, तोच आखूड कोट, आणि फजिती झाली की कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तसंच हळूच मागे वळून बघणं. लेक सांगत होती, हा आपली चित्रं स्वतःच लिहायचा आणि स्वतःच त्यात काम करायचा. नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडून वर आला आणि बोलपट आल्यावर मागे पडला. मी नुसती मान डोलावली. पडद्यावर तो मुलीला मागणी घालायला जातो, दारातच कुत्रा त्याच्या कोटाचं टोक धरतो, आणि इंग्रजी पाटी येते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी, पण ती पाटी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. ‘नमस्कार महाशय, आपल्या कन्येविषयी थोडं बोलायचं होतं.’ बस्, एवढंच. आणि मी इतकी वर्षं समजून होते की तिथे लिहिलेलं असतं, ‘मामाजी, कुत्र्याले सांगा ना, जावई आहे मनून!’ ते सगळं तुमचं होतं, बाबा. त्याचं त्यात काहीच नव्हतं. अंधारात मी एकटीच हसत सुटले आणि लेकीला काही कळेना.

तुम्ही महाल भागातल्या छापखान्यात खिळे जुळवायचात. इंग्रजी जेमतेम चौथीपर्यंतचं. थिएटरात पडद्याशेजारी उभं राहून लोकांना चित्र समजावून सांगणारे गृहस्थ नोकरीसाठी जबलपूरला गेले. जाहिरातीचे कागद घेऊन तुम्ही तिथे जायचात, म्हणून मालकाने तुम्हालाच विचारलं. एका खेळापुरते म्हणून गेलात आणि पुढची कितीतरी वर्षं दर रविवारी दुपारी तिथेच उभे राहिलात. थिएटरातले सगळे तुम्हाला मास्तर म्हणू लागले. शनिवारी नवं चित्र एकदा पाहून यायचं, आणि रविवारी सकाळी चुलीपाशी पाट टाकून बसायचं. छापखान्यातल्या रद्दीच्या कोऱ्या बाजूवर वाक्यं लिहायची आणि आईला म्हणून दाखवायची. आई काही सहजी हसणारी नव्हती. “काहून डोकं खाऊन राहिले जी? भाकर करपते इथं,” असं ती म्हणाली की तुम्ही मुकाट्याने ती ओळ खोडता. तिने पदर तोंडाला लावला, की त्या ओळीभोवती चौकट काढता. मी पलीकडे बसून पाढे पाठ करते आहे आणि माझं सगळं लक्ष आईच्या पदराकडे आहे.

मग मागे खुर्च्यांवर बसणाऱ्या एका वकीलसाहेबांनी मालकाकडे तक्रार केली. प्रतिष्ठित माणसं बायकामुलांना घेऊन येतात, तिथे असली गावंढळ बोली कशाला? मालक घाबरला. पुढच्या रविवारी तुम्ही धुतलेली टोपी घालून उभे राहिलात आणि पुस्तकासारखं बोलू लागलात. आई आणि मी बायकांच्या बाजूला, कापडी आडोशामागे बसलो होतो. तुमचा आवाज परक्या माणसाचा वाटत होता. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गठड्या वाहणारे हमाल पुढे जमिनीवर बसलेले, ते एकमेकांची तोंडं पाहत होते. कुणीही हसलं नाही. आईने माझा हात घट्ट धरला होता. एवढ्यात तो नट शिडीवरून थेट चुन्याच्या हौदात पडला, आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, “पडला गा बाप्पा! आता घरी काय सांगशील, पांढरा होऊन आलो मनून?” छपराचे पत्रे हादरले, असं हसले लोक. खेळ संपल्यावर वकीलसाहेब तुमच्याकडे आले. डोळे त्यांनीही पुसलेले होते, पण म्हणाले, “मास्तर, भाषा शुद्ध हवी होती.” तुम्ही हात जोडलेत. “साहेब, शुद्ध बोललो तर तो पडत नाही जी. नुसता पतन पावते.” त्यानंतर तक्रार आली नाही.

बोलपट आल्यावर तुमची ती जागा गेली. त्याच नटाचं पहिलं बोलतं चित्र लागलं तेव्हा तुम्ही आम्हाला घेऊन गेलात, प्रेक्षक म्हणून. त्याने तोंड उघडलं आणि बारीक, नाकातला आवाज आला. मग पुढून कुणीतरी ओरडलं, “हा आवाज त्याचा नाही गा! मास्तरले बोलवा!” बघता बघता सगळं थिएटर ओरडू लागलं. चित्र थांबवावं लागलं. मालक धावत तुमच्यापाशी आला. तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही रडणार. “अरे गड्यांनो, ऐकून घ्या ना त्याले,” तुम्ही म्हणालात. “इतके वर्षं मीच बोललो. त्या बिचाऱ्याले बोलू कुठं देल्लं?” लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि शांतपणे चित्र पाहू लागले. त्या दिवशी तुम्ही तुमची जागा त्याला स्वतःच्या हाताने दिलीत. इतका दिलदार नट मी पुढे पाहिला नाही.

नंतर तुम्ही फार्स लिहिलेत. गणेशोत्सवात ते इतवारीपासून पार काटोलपर्यंत झाले. मुख्य काम तुमचंच असे. त्यांची पुस्तकंही तुम्ही सुट्टीच्या दिवशी स्वतःच खिळे जुळवून छापलीत. पण तोवर मी मोठी झाले होते. शाळेतल्या मुली तुमची नक्कल करून मला चिडवत आणि मला ते लागत असे. अमरावतीच्या कचेरीतले एक शिरस्तेदार मुलासाठी मला पाहायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, “बाबा, उद्या गंमत करू नका. काहीच बोलू नका.” काहून, असं तुम्ही विचारलंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलात. शिरस्तेदारांनी पीकपाण्याचं, राजकारणाचं विचारलं, तर गंभीरपणे “हो” नाही तर “खरं आहे”. जाताना ते आईला म्हणाले, “फार भारदस्त माणूस.” लग्न ठरलं. सगळे गेल्यावर तुम्ही कोटाची बटणं सोडत विचारलंत, “जमलं काय वं माझं काम?” मी “हो” म्हटलं आणि कप उचलून आत गेले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहायला जमलं. त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड बराच वेळ उभी होते. तुम्ही एकदा तरी तुमच्या आवाजात काहीतरी बोलावं, एवढंच मला वाटत होतं. लग्न मोडलं असतं तरी.