गहाळ अंकाची जागा

सोमवार, ६ जानेवारी २०२५, देगलूर
आले बाई एकदाची! कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून आज रुजू झाले. आधीचे उमाशंकर सर निवृत्त झाले, पण कपाटं लख्ख ठेवून गेलेत. बाजारात मराठीत विचारलं की तेलुगूत उत्तर येतं, तरी भाव बरोबर कळतो. खोली लहान, भिंती उघड्या. लेक अक्षरा लातूरला अव्वाकडं, म्हणजे माझ्या आईकडं. जूनमध्ये तिला इथल्या शाळेत घालायचं, तोवर रोज फोन. आज विचारत होती, तुझ्या लायब्ररीत हत्तीचं पुस्तक हाय का. हाय म्हणलं.

गुरुवार, ९ जानेवारी
‘मांजराकाठ’ मासिकाचे बांधलेले खंड चाळले. दोनच अंक गहाळ, मे २०१७ आणि ऑक्टोबर २०१९. त्यांच्या जागी सरांनी गुलाबी कोरी पानं बांधलीत. आम्हा ग्रंथपालांत रीतच आहे ती. अंक आला नाही की प्रकाशकाला मागणीपत्र धाडायचं, अंक येईस्तोवर जागा राखायची. सरांनी पत्रच धाडलं नव्हतं! कमाल झाली. मला असलं अर्धवट काम बघवत नाही. दोन्ही अंकांसाठी पत्र टपालात टाकलं, आणि अंक येणारच म्हणून पानंही उपटून टाकली. दिवसभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसून तोंड आंबलंय, म्हणून ही वही.

सोमवार, २० जानेवारी
मे २०१७चा अंक आला! पोस्टमन व्यंकटीमामांनी आणून दिला. कोरा करकरीत, शाईचा वास ताजा. खंडात घातला. संध्याकाळी धाकट्या बहिणीला, शिल्पाला, फोनवर म्हणलं, माझ्या लग्नातली हिरवी साडी पाठव. कुठलं लग्न, म्हणाली. माझं लग्न मे २०१७मधलंच. फारकत होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा टोमणाच असेल. बला टळली म्हणून मीही हसले. ती हसली नाही. अव्वाही म्हणाली, तुझं लग्न झालंच कधी? मग अक्षरा, मी विचारलं. ती तुझीच की, म्हणाल्या दोघी.

मंगळवार, २१ जानेवारी
मोबाईलमधले लग्नाचे फोटो उघडले. मांडव आहे, अक्षता टाकणारे आहेत, मधे कोणीच नाही.
उमाशंकर सरांना फोन केला. गुलाबी पानं उपटल्याचं सांगितलं. मग म्हणाले, तिसरंही एक पान होतं, तो अंक मी मागवला. तेव्हापासून घरात दोन सायकली आहेत. मी एकटाच, दुसरी कोणाची ते आठवत नाही. अंक आला की तो महिना आपल्या आयुष्यातून जातो, बाई.
मी ओरडलेच, तुमचं तोंड शिवलं होतं का? सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणाले. रडत होते.
ऑक्टोबर २०१९. अक्षरा जन्मली तो महिना.

बुधवार, २२ जानेवारी
शिल्पाला मासिकाच्या लातूरच्या पत्त्यावर पिटाळलं. तिथं आता फ्लेक्सचं दुकान आहे. छापखाना लॉकडाऊनमध्येच बंद पडला म्हणे. मग अंक पाठवतंय कोण —
गुलाबी पानं परत चिकटवली. राहात नाहीत. सुईदोऱ्यानं शिवली, तरी गळून पडली. व्यंकटीमामांच्या पाया पडले, मासिक आलं तर परत धाडा. हाव, धाडतो म्हणाले.
नवऱ्याचं नाव आठवेना आज. गेला तर जाऊ दे मेला, पण अक्षरा नको. देवा, अक्षरा नको.

शुक्रवार, २४ जानेवारी
मामा आलेच नाहीत. तरी अंक टेबलावर. पाकीट फोडलेलं. मी नाही फोडलं —
लातूरला फोन लावला. शिल्पा म्हणते, आपल्या घरात लहान पोर कुठून आलं?
लिहून ठेवते. अक्षरा. पाच वर्षांची. पुढचा दात हलतो. वरणभातावर साखर मागते. झोपताना माझा कान धरते. तीळ डाव्या गालावर — उजव्या —
नाव वर लिहिलंय. वाचता येतंय. पण कोणाचं —

शनिवार
ऑक्टोबर २०१९चा अंक खंडात घातला. नीट बसला. संच पूर्ण झाला, छान झालं. मग एवढं रडू का येऊन राहिलंय मला, घरी तर माझं कोणी