चार कड्यांची पेटी

मी, काचकिन ओस्मोनोव्ह, वय वर्षे बासष्ट, धंदा कबरी खोदण्याचा, राहणार कोक-जार गाव, वरच्या आळीतले निळ्या फाटकाचे घर, माझ्या मागची व्यवस्था आज लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या अकरा वर्षांत वोडकाचा थेंब घेतलेला नाही. मला कोणी दमदाटी करून लिहायला बसवलेले नाही. दमदाटी करणारे आहेत, पण मी काही लिहावे अशी त्यांची इच्छा नाही. मी गुपचूप मरावे, आणि जमल्यास दुसऱ्या गावात जाऊन मरावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

घाईची कारणे दोन. जिल्ह्याच्या डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या गवतकापणीला दुसरा माणूस बघून ठेवा." दुसरे कारण म्हणजे, गेल्या शुक्रवारी माझ्या फाटकावर कोळशाने कोणीतरी एक फावडे काढून गेले. नाव नाही, शिवी नाही, नुसते फावडे. गावात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: पुरलास तरी उकरून काढू. मी ते पुसलेले नाही. पुसले असते तर मी घाबरलो असे झाले असते, आणि घाबरलो तर मी आहेच.

कलम पहिले. घर, अकरा मेंढ्या, तांबडी घोडी आणि गवताची गंजी माझा मुलगा मेदेत याला. छप्पर मागच्या बाजूने गळते. ते मला माहीत होते, तुला माहीत होते, आणि आता कायद्यालाही माहीत झाले. यंदा तरी वर चढ.

कलम दुसरे. माझी मुलगी जिपार राजधानीत असते. तिचे सासर माझ्या श्रद्धेमुळे तिला टोचून बोलते, म्हणून ती चार वर्षे या घरी आलेली नाही. माझा तिच्यावर राग नाही. थोडा आहे, पण तो मी बरोबर घेऊन जातो. तिच्या आईने, माझ्या बुरुलने, हाताने केलेला लाल-काळा नमद्याचा, म्हणजे कुटलेल्या लोकरीचा, गालिचा जिपारला द्यावा. बदल्यात एकच मागणे आहे. बाप मेल्यावर आपल्याकडे मुली तंबूत बसून, भिंतीकडे तोंड करून जे रडगाणे म्हणतात, ते तिने माझ्यासाठी म्हणावे. आमचे पाळक म्हणतात की ईसाच्या, म्हणजे येशूच्या, माणसांनी असा आक्रोश करू नये, आपल्याला आशा आहे. आशा मलाही आहे. पण मुलगी रडली नाही तर माणूस मेल्यासारखे वाटत नाही. पाळकांनी तेवढा वेळ बाहेर जाऊन घोड्यांना पाणी दाखवावे.

कलम तिसरे. माझी हत्यारे. ट्रॅक्टरच्या आसापासून केलेली पहार आणि दोन कुदळी मेदेतला. आखूड दांड्याचे फावडे शेरमातला. शेरमात माझा बालमित्र आणि खोदण्यातला जोडीदार. तीस वर्षे एकाच खड्ड्यात उतरलो. तो डावखुरा, मी उजवा, म्हणून आमच्या कबरींच्या चारही भिंती सरळ असत. आखूड दांड्याचेच का, ते लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

बारा वर्षांपूर्वी बाताकान-आपा वारली. शाळेत स्वयंपाक करायची. आज गावात जो जो मिशीवाला आहे, त्याला तिने कधी ना कधी दुसऱ्यांदा वाढलेले आहे. म्हातारपणी ती ईसावर विश्वास ठेवू लागली. जिवंत होती तोवर गावाने डोळेझाक केली. मेल्यावर तिच्या मुलीने, कुंदुझने, आम्हाला बोलावले. आम्ही नेहमीसारखी कबर खोदली, बाजूला कोनाडा काढला, तिला आत ठेवले आणि विटांनी तोंड बंद केले. तिसऱ्या दिवशी गावाची बैठक भरली. ठरले की ईसाच्या बाईला मुसलमानांच्या कबरस्तानात ठेवायचे नाही. बाहेर काढायला कोण? ज्यांनी आत ठेवली तेच. मी 'नाही' म्हणालो नाही. वोडकाची बाटली आधी आली होती, ती रिकामी करून आम्ही निघालो.

सकाळची वेळ होती, चांगले ऊन पडले होते. माझ्या हातात लांब दांड्याचे फावडे होते. खाली जागा अरुंद, दांडा मागच्या भिंतीला अडला, पाते घसरले, विटा फोडून आत गेले आणि तिच्या खांद्यावर बसले. आवाज झाला. त्या आवाजाचे वर्णन मी करणार नाही. शेरमातने तो ऐकला आहे. आम्ही दोघे त्याविषयी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही.

वर पाहिले तर काठावर कुंदुझ उभी होती. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मला वाटले, आता उकळता चहा माझ्या डोक्यावर येणार. यायलाच हवा होता. ती म्हणाली, "काचकिन-दादा, वर या. आई म्हणायची, खोदणाऱ्याला उपाशी ठेवू नये. पुरताना चहा दिला होता, तर काढतानाही द्यायला हवा."

शेरमात म्हणाला, "बये, तुला काही वाटतं का गं?"

"वाटतं ना. म्हणूनच हात थरथरतोय. पेला नीट धरा, सांडेल."

बाताकान-आपाला तिच्या माहेरच्या गावी नेले. तिथे कोणी हात लावेना, म्हणून खोदायला पुन्हा आम्हीच. पाच दिवसांनी त्या गावानेही तिला बाहेर काढायला लावले, तेही आम्हीच केले. शेवटी जिल्ह्याच्या गावाबाहेर जुन्या रशियन कबरस्तानात एक कोपरा मिळाला. एकाच म्हातारीसाठी मी पाच वेळा खोदले, आणि पाचही वेळा कुंदुझने चहा आणला. पाचव्या वेळी मी भाकरी पुन्हा फडक्यात ठेवली. मी तिला विचारले, "हे तुला कोण शिकवतं?" तिने शुभवर्तमानाचे पुस्तक आणून दिले.

त्यानंतर एक वर्ष मी फक्त प्यालो. मग थांबलो. मग पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. ईसाने माझे एकही संकट टाळलेले नाही, हे मी शपथेवर लिहितो. उलट संकटांची रांग लागली. लोकांनी मला कबरी खोदायला बोलावणे बंद केले. कुत्र्याला कोणी काहीतरी चारले. बुरुल पाच वर्षांपूर्वी माझ्या मांडीवर डोके ठेवून गेली, आणि मी प्रार्थना करत होतो तरी गेली. एवढेच सांगतो की या सगळ्यात एका घटकेलाही मी खड्ड्यात एकटा उतरलेलो नाही. ज्याला खोदण्याचे काम ठाऊक आहे, त्याला हे पुरेसे आहे.

म्हणून आखूड दांड्याचे फावडे शेरमातला. ते अरुंद जागेत फिरते आणि कोणाला लागत नाही.

कलम चौथे. आब्दिश मोल्दो, म्हणजे आमच्या मशिदीचे मुल्लासाहेब. पस्तीस वर्षांपूर्वी, देव न मानणाऱ्या सरकारच्या काळात, हेच आब्दिश सामुदायिक शेतीच्या क्लबात दर महिन्याला 'देव नाही' या विषयावर भाषण द्यायचे. पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला मी असे. ही गोष्ट मी चारचौघांत कधी काढलेली नाही, आणि माझे ते मौन मी त्यांना देतो. (इथे लिहिली ती मोजू नये. मृत्युपत्र म्हणजे चारचौघे नव्हेत.) ते वाईट माणूस नाहीत. शहरातून शिकून आलेल्या चार तरण्या पोरांना ते भितात. ते माझ्यासारखेच भित्रे आहेत. फक्त माझा भित्रेपणा एकदा उघडा पडला, त्यांचा अजून झाकलेला आहे.

कलम पाचवे. माझे शुभवर्तमानाचे पुस्तक कुंदुझला परत. पानांना माती लागली आहे, ती झटकू नये.

कलम सहावे. माझा देह. मला बुरुलच्या डाव्या बाजूला पुरावे. बुरुलने तिची नमाज कधी सोडली नाही आणि मला माझी प्रार्थना सोडायला कधी सांगितले नाही. म्हणायची, "वर गेल्यावर कळेलच कुणाचं खरं. जो चुकला असेल त्यानं दुसऱ्याचे पाय चेपायचे." तिची कबर मी एकट्याने खोदली आणि शेजारी एका माणसाची जागा पावलांनी मोजून ठेवली. पाळक म्हणतात, हात दाखवून अवलक्षण कशाला? पण जन्मभर दुसऱ्यांना जागा करून दिली. स्वतःसाठी एकदा मागितल्याशिवाय राहवत नाही.

गुरुवारी दुपारी शेरमात आला. घरात आला नाही, कुंपणाशी बसला.

"काचकिन, लेका, बुरुलशेजारची जागा मागू नकोस."

"मोजून ठेवलीय मी ती."

"मोजणारा तू. देणारा तू नव्हेस. नावच तुझं पळपुट्याचं, धर्मातनं पळालास, आता मरताना तरी जरा लांब पळ की!"

"हे नाव आजोबांचं आहे. फौज मागं लागली आणि गाव पळालं त्या वर्षी खिंडीत जन्मले म्हणून पडलं. आणि पळून तेही इथंच परत आले."

"पोरं तुला बाहेर काढतील."

"पोरांना खोदता येतं?"

"नाही येत."

"मग काढेल कोण?"

तो फाटकावरच्या कोळशाच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला. उठताना म्हणाला, "गाढवांनी दांडा लांब काढलाय."

तेव्हा मेदेत, नीट ऐक. आधी बुरुलशेजारी मागायचे. हात जोडून मागायचे, ओरडून नाही. ठेवू दिले आणि मी तिथेच राहिलो, तर देवाचे आणि गावाचे आभार मान. नाही राहू दिले, तर परसातल्या पॉप्लरच्या झाडांखाली मी जमीन गोठण्याआधी दुसरी कबर खोदून ठेवली आहे. उघडी कबर रिकामी ठेवू नये, ती माणूस मागते, म्हणून सध्या तिच्यात बटाटे ठेवले आहेत. मला आणाल तेव्हा ते बाहेर काढा आणि अर्धे शेरमातकडे पोहोचवा. त्याचे यंदा किडले.

कलम सातवे. माझी बंदूक मेदेतला. तिचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती नुसती काठी आहे, मी काढून शेरमातकडे ठेवायला दिला आहे. मेदेत, तू कपाट उघडशील तेव्हा तुला हे कळेल आणि तू मला शिव्या देशील. दे. मला तुझा स्वभाव माहीत आहे, तो माझ्याकडूनच आला आहे. माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी तू स्वतः शेरमातच्या दारी जायचे, त्याच्याकडे बसून चहा प्यायचा आणि बोल्ट मागून घ्यायचा. दुसऱ्या कोणाला पाठवले तर तो देणार नाही, तसे ठरले आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. मला दोनदा पुरले तरी मी एकदाच मेलेला असेन. तू कोणाला मारलेस तर आपण दोघेही मेलो.

मला भीती माझ्या हाडांची नाही. मला भीती त्या सकाळची आहे, जेव्हा तू काठावर उभा असशील आणि शेरमात खाली खड्ड्यात असेल. ते चित्र मला रोज दिसते. तुझ्या हातात काय आहे, तेवढे दिसत नाही.

म्हणून कलम आठवे, आणि हेच खरे मृत्युपत्र. बाकीचे गेले तरी चालेल, एवढे पाळावे. मी माझी पेटी स्वतः पॉप्लरच्या फळ्यांची केली आहे. तिला जुन्या घोडागाडीच्या चार लोखंडी कड्या आरपार बोल्टने बसवल्या आहेत. आत ठेवायला दोर पुरतो. या कड्या बाहेर काढण्यासाठी आहेत. ओढताना पेटी तिरकी होऊ नये, कोणाचा पाय सटकू नये, कोणाच्या हातून फावडे घसरू नये आणि कोणाला आयुष्यभर तो आवाज ऐकत बसावे लागू नये, म्हणून. आणि शेरमात खाली उतरलेला असेल तेव्हा मेदेत, तू काठावर यायचे. एका हातात किटली, दुसऱ्या हातात गरम भाकरी. म्हणजे दोन्ही हात गुंतलेले राहतील. त्याला म्हणायचे, "काका, वर या." चहात दूध आणि मीठ आपल्या घरच्यासारखे. घाई करू नये. तो पिईपर्यंत मी थांबेन, मला कुठे जायचे आहे?

वरील सर्व मी वाचून पाहिले. हात थरथरतो, तो आजाराने. मनात किंतु नाही.

सही : काचकिन ओस्मोनोव्ह
ठिकाण : कोक-जार
तारीख : ९ नोव्हेंबर २०१२

साक्षीदार पहिली : कुंदुझ आसानोव्हा. माझ्यासमोर सही झाली. पेला सांडला नाही.

साक्षीदार दुसरा : शेरमात जुमालीयेव्ह. मला सगळे वाचून दाखवले. मी कसलाही शब्द दिलेला नाही, सही फक्त ऐकल्याची आहे. परसात जाऊन पेटी पाहिली. चारही कड्या ओढून पाहिल्या. पायाकडची डावी ढिली होती, ती आवळून दिली आहे.