बिट्टीचा कलणारा चष्मा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आपापल्या जागी शांत असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीकच म्हणायचं. (पुढे वाच, पण बसून वाच.)

वीस वर्षं मी चष्मे करतो. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या नाकाकडे बघून कुठली काडी ढिली आहे ते सांगतो, ही माझी बढाई तू पन्नासदा ऐकली आहेस. तर आमच्या बिट्टीचा चष्मा डावीकडे कलायला लागला. मी काडी वाकवली. दोन महिन्यांनी पुन्हा कलला. पुन्हा वाकवली, आणि चष्म्यावर बसतेस म्हणून पोरीला वर झापलं. असं चार वेळा झालं. ती बिचारी सांगत होती की मी काही केलं नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्या घराण्याची जुनी खोड. शेवटी हिने (हिला चष्म्यातलं काही कळत नाही, म्हणूनच दिसलं) चष्मा काढून बाजूला ठेवला आणि नुसता चेहरा बघितला. डावा डोळा किंचित पुढे आलेला, किंचित खाली. मी आठ महिने फक्त चष्म्याकडे बघत होतो, ताई. फार लाज वाटली.

मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हे हाडाचं दिसतं. हाडांचे म्हणाले, हे हाड आमच्याकडे येत नाही. नाकाच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. एवढ्याशा तोंडाची इतक्या जणांत वाटणी झालेली असते हे मला ठाऊकच नव्हतं. एवढ्या गोंधळात मला कळलं ते असं: डोळ्याच्या खोबणीच्या हाडात गाठ आहे. मुलांत फार क्वचित होते. बहुधा साधीच, पण काढून तपासल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत नाही. वाढली तर नजर जाईल. जो तो 'दुर्मीळ' असं कौतुकाने म्हणतो. मी एका डॉक्टरांना चक्क धन्यवाद म्हणून बसलो.

बाकी काळजीचं कारण नाही. तू मुळीच येऊ नकोस, गुडघे सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑपरेशन मंगळवारी सकाळी आठला. मोहरीएवढे स्क्रू बसवणारा माझा हात संमतीच्या कागदावर चालेना. तू सोमवारीच ये.

आणखी एक. मी बिट्टीची माफी मागितली आणि चारही वेळचा बाक काढून चष्मा मूळच्यासारखा सरळ करून ठेवला. आता घातला की कलतो. पुन्हा वाकवू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे बाबा, मंगळवारनंतर बसेल."