एकट्या गणिताचा पेपर

आई, सुट्टीवर घरी, सिंदी मेघेला आले आहे. सकाळी शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला माझ्याकडे पाठवलं. दहावी झाली आहे तिची, पायलट व्हायचं म्हणते. "ताई, त्याले काय काय लागते?" मी सांगितलं, बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही हवं, इंग्रजी हवं, शिवाय डोळ्यांपासून हृदयापर्यंत सगळी तपासणी होते. "अन् गणित नसलं तं?" तर मुक्त विद्यालयातून मागाहून एकट्या गणिताचा पेपर देता येतो, माझं तसंच झालं, असं मी म्हणाले. ती खूश होऊन गेली. तू जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या एका पेपरात तू किती होतीस, ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दहावीत मी तुझ्याच वर्गात होते, गणित तूच शिकवायचीस. एकदा भूमितीचं साधं प्रमेय अडलं तेव्हा तू मला फळ्यापुढे तसंच उभं ठेवलंस आणि म्हणालीस, "घरी मास्तरीण असून हे हाल?" सगळा वर्ग हसला. पुढच्या वर्षी मी बायोलॉजी घेतलं आणि गणित सोडलं. डॉक्टर वगैरे काही व्हायचं नव्हतं, फक्त तुझ्या हाताखालून सुटायचं होतं. हे तुला सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. "दोन्ही ठेव नं बाप्पा. कुठं लागन सांगता येत नाई." मी म्हणाले, "मले नाई लागत तुह्यं गणित." जसं काही ते तुझ्या मालकीचं होतं! तू तव्यावरची भाकरी तेवढी उलटलीस.

मग कॉलेजात छात्रसेनेच्या शिबिरात छोट्या विमानात बसायला मिळालं आणि माझं दुसऱ्या कशात मन लागेना. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत चौकशीला गेले तर तिथल्या साहेबांनी माझी बारावीची गुणपत्रिका पाहिली आणि परत केली. "फिजिक्स आहे. गणित कुठाय?" घरी येऊन हे तुला सांगताना मी मान खाली घालून बसले होते. तोवर तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि डायलिसिस सुरू झालं होतं. वाटलं, आता ऐकवशील. तू म्हणालीस, "पुस्तक घेऊन येजो दवाखान्यात. तिथं मी नुसती पडूनच राह्यते."

तुझा डावा हात मशीनला जोडलेला आहे, उजवा मोकळा आहे. मी पॅड धरते, तू पडल्या पडल्या लिहितेस, अक्षर तिरपं जातं. शेजारच्या पलंगावरचे काका कौतुकानं बघतात. वर्गात शिकवायचीस त्याहून किती हळू, किती मऊ शिकवतेस. तीनदा विचारलं तरी चिडत नाहीस. हीच बाई मला शाळेत का मिळाली नाही, असं तेव्हा वाटायचं. ती बाई थकलेली होती म्हणून मऊ होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही, कोण जाणे.

एका दिवशी तू पेन खाली ठेवलंस. "बस कर वं आज. थकली मी." मी म्हणाले, "आई, एवढं एक." तू पुन्हा पेन उचललंस. दोन ओळी लिहिल्यास आणि तुझा हात पॅडवरून घसरला. चेहरा पांढराफटक पडला, पायात गोळे आले. सिस्टर धावत आल्या, मशीन हळू केलं, पलंगाची पायाकडची बाजू वर केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बीपी खाली येऊन राह्यला नं त्यांचा! दिसत नाई तुमाले? आई आहे नं तुमची?" तू डोळे मिटूनच म्हणालीस, "तिले नका बोलू. मीच म्हटलं होतं." तू असं काहीच म्हटलं नव्हतंस.

त्यानंतरही मी पुस्तक नेत राहिले. बाबा म्हणतात, त्या गणितांनीच तुला एवढे दिवस तगवलं. "वाट पाह्यत होती ती दवाखान्याच्या दिवसाची," म्हणतात. मी मान हलवते. पण त्या सगळ्या दिवसांत, फार दुखते का, भीती वाटते का, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. आपण दोघी कधी बोललो तर फक्त गणिताबद्दल.

तुझी तेरवी झाली आणि दोन दिवसांनी माझा पेपर होता. नातेवाईक म्हणाले, आता कुठं जाते? बाबांनी मला स्कूटरवर बसवून नेलं. पास झाले, प्रशिक्षणाला गेले, आता विमान चालवते, हे सगळं बाबा तुझ्या फोटोपुढे सांगतच असतात. त्यांना माहीत नाही ते इतकंच. संभाव्यतेचा धडा आपला राहून गेला होता. पेपरात त्यावरचं मोठं गणित आलं, मला एकही ओळ सुचेना. तेव्हा आई, मला रडू आलं नाही. एवढा एक धडा संपवून का गेली नाहीस म्हणून मला तुझा राग आला.